माडाचं फाटक

आये,

परवा नगरपालिकेतला एक तरुण इंजिनिअर घरी आला होता. चपला पायरीखाली काढून आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही जुने कर्मचारी म्हणून विचारायला आलो. बागेची रस्त्याकडची भिंत मध्येच पुढे येते, एका माडाला पोटात घेते आणि परत मागं जाते. तिथं एक लहानसं फाटक आहे. त्याला कडी आहे, पण कुलूप लावायला जागाच ठेवलेली नाही. जुन्या नकाशात तर यातलं काहीच नाही." हल्ली पाहुण्यांच्या मोटारी वाढल्या आहेत, त्या लावायला जागा पुरत नाही, म्हणून ती भिंत सरळ करायचा विचार चालला आहे. मी त्याला चहा दिला आणि तुझी गोष्ट सांगितली. तो हसला, वहीत काहीबाही लिहून घेतलं आणि जुना ठराव शोधून बघतो म्हणाला. पण खरं सांगायचं तर मी त्याला अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, आणि ती तुझ्याआधी एखाद्या परक्या पोराला सांगावी हे मला बरं वाटलं नाही. म्हणून लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं हे मी विसरलेलो नाही. बाबांची मुंबईहून आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायचो. हेही मीच वाचीन, माझी सून बाजारात गेली की.

तुझं माहेर आपल्या घरापासून दोन पाणंदी पलीकडे. बाजार संपतो आणि रस्ता बंदराकडे उतरायला लागतो, तिथली ती मोठी जागा. आजोबा गेले, मामा मुंबईला गेला तो तिथलाच झाला आणि घर एका पावसाळ्यात बसलं. उरलं जोतं, विहीर आणि दहा-बारा माड. त्यातला रस्त्याकडचा एक तुझा. तुझ्या लग्नात आजोबांनी मांडवात चारचौघांसमोर सांगितलं होतं, "हो माड चेडवाच्या चोळीबांगडीक." कागद नाही, शिक्का नाही. मुलीला तेव्हा असंच द्यायचे. जमीन भावाची आणि जमिनीवरचा एखादा माड बहिणीचा, आणि भाऊ कितीही चिकट असला तरी त्या माडाच्या नारळाला हात लावत नसे. दर दीड-दोन महिन्यांनी माडावर चढणारा गडी आपल्या दारात यायचा, तू पदर कमरेला खोचून त्याच्याबरोबर जायचीस आणि नारळांची पाटी डोक्यावर घेऊन परत यायचीस. तो नारळ गणपतीपुढे, तोच नारळीपौर्णिमेला समुद्रात, तोच सवाष्णीच्या ओटीत. कालवणाला दुकानचाही चालायचा, पण देवाला आणि ओटीला तुझ्या माडाचाच. मी एकदा विचारलं होतं की नारळ तो नारळ, त्यात एवढं काय. तू म्हणालीस, "हो माझ्या घरचो." मी विचारलं, "मगे ह्या घर कोणाचा?" तू म्हणालीस, "ह्या तुमचा." लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली होती तेव्हा.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या मागच्यापुढच्या वर्षांतली ही गोष्ट. जिल्हा तेव्हा रत्नागिरीच. मी नगरपालिकेत धाकटा कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो आणि अजून कायम झालो नव्हतो. आपल्या अध्यक्षांनी कुठल्याशा मोठ्या शहरात बाग पाहिली आणि आपल्याही गावाला बाग हवी असं त्यांच्या मनानं घेतलं. वाईट माणूस नव्हता. कापडाचं दुकान, गोड बोलणं, आणि गावाचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटायचं. मामानं मुंबईहून लिहून दिलं आणि ती जागा नगरपालिकेची झाली, झाडामाडांसकट. मग सभेत दोन तट पडले. एक म्हणे, बाग करा, भोवती भिंत घाला, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास उघडी ठेवा, गुरं आत नकोत, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका तर नकोतच. दुसरा म्हणे, बाग कसली डोंबलाची, बाजाराच्या दिवशी गाड्या कुठं लावायच्या ते आधी सांगा. ते काही खोटं नव्हतं. बैलगाड्या, कणकवलीहून येणाऱ्या लॉऱ्या आणि वस्तीची एस्टी, सगळ्या त्या एवढ्याशा रस्त्यात नाकाला नाक लावून उभ्या राहायच्या. शेवटी सभेत नेहमी होतं तेच झालं, दोघांचंही मन राखलं. समुद्राकडची जागा बागेला आणि रस्त्याकडची पट्टी गाडीतळाला. तुझा माड नेमका गाडीतळात आला. ओव्हरसियरनं नकाशावर त्याच्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'काढणे'.

हरकती मागवायची नोटीस मी लिहिली. कचेरीत माझं अक्षर बरं म्हणून असली कामं माझ्याकडेच यायची. 'सदर जागेत ज्या कोणाचा हक्क अगर हितसंबंध असेल त्यांनी पंधरा दिवसांचे आत लेखी कळवावे.' ज्या कोणाचा हितसंबंध होता ती बाई त्या वेळी घरी माझ्यासाठी बांगड्याचं तिखलं करत होती हे मला ठाऊक होतं. नोटीस मी फळ्यावर चिकटवली, घरी आलो, जेवलो आणि काही बोललो नाही. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उद्या सांगू म्हटलं. नोकरी कायम व्हायची होती, आणि तू कचेरीत येऊन काय बोलशील याची मला धास्ती होती. लाजही वाटत होती, ती आजही वाटते.

आठव्या दिवशी तुला कळलं, तेही माडावर चढणाऱ्याकडून. मी कचेरीतून आलो तर तू स्वयंपाकघरात आडाळ्यावर बसून नारळ खवत होतीस. मान वर केली नाहीस.

"माझो माड तोडतले म्हणतत."

मी टोपी काढून खुंटीला लावली.

"नोटीस कोणी लिवल्यान?"

"मिया."

तुझा हात थांबला नाही. खोबरं ताटात पडतच होतं. "अक्षर बरा इला मां?" म्हणालीस.

तू मला लहानपणी मारलेलं आहेस, उपाशी ठेवलेलं आहेस, एकदा विहिरीवर चारचौघींत माझा कान पिळलेला आहेस. पण त्या तीन-चार शब्दांइतकं मला काही लागलेलं नाही. मी उंबरठ्यावरच बसलो. मग तू करवंटी बाजूला ठेवलीस. "तुझ्या हातान लिवलंस, तुझ्याच हातान चिकटवलंस, आणि माका सांगूक तुझा तोंड उघडूक नाय. तुझ्या बारशाक त्याच माडाचो नारळ फोडललो रे."

मी म्हटलं, "आये, माझी नोकरी अजून कायम जावक नाय."

"माझा म्हायेर तरी खंय कायम रवला? ता एक झाड उरला." मग पदरानं हात पुसलेस आणि म्हणालीस, "कागद घेवन ये. मी सांगतंय ता लिव."

तू सांगितलंस ते असं होतं: माझ्या बापाशीन माका माड दिल्यान. तो माड म्हणजे माझा म्हायेर. म्हायेर मी तोडूक देवचंय नाय. एवढंच. मी लिहिलं, 'सदर माडावर अर्जदार यांचा पूर्वापार व निर्वेध भोगवटा असून तो तोडल्यास अर्जदार यांचे अपरिमित नुकसान होणार आहे.' वाचून दाखवलं तेव्हा तू माझ्याकडे बघत राहिलीस. "ह्या कोणाचा?" तुझंच, म्हटलं. "माकाच कळाक नाय, तेंका कळतला?" मी म्हटलं, त्यांना असंच कळतं. तू अंगठा उठवलास आणि बोटाची शाई माझ्या धुतलेल्या सदऱ्याला पुसलीस. ती चुकून पुसली असेल असं मला कधीच वाटलं नाही.

कचेरीत आमचे हेडक्लार्क होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि बोलणं मोजकं. मी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, उठून फळ्यावरची नोटीस बघून आले आणि परत येऊन बसले. "नोटीस चांगली लिहिली आहे," म्हणाले, "आणि हरकत त्याहून चांगली." मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी शिक्का मारला, आवक नंबर घातला आणि म्हणाले, "सभेला टिपणं घ्यायला तुम्हीच बसा. पण तोंड उघडायचं नाही. दोन्हीकडून तुम्हीच बोललात तर सभा कशाला?"

सभेला तू आलीस ती अजून डोळ्यांपुढे आहे. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, हातात सोललेला एक नारळ. सभागृहात तुझ्याखेरीज बाई नव्हती. शिपायानं बाक दाखवला तर तू त्याच्या अगदी टोकाला बसलीस. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी, दौत-टाक घेऊन. तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. अध्यक्षांनी आदरानं विचारलं, "काकी, तुमच्याकडे कागद काही आहे का?"

"कागद नाय. माड आसा. जावन बघा."

कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "तसं नव्हे. तुमच्या भावानंच लिहून दिलं आहे ना, झाडामाडांसकट."

"भावाशीन आपला ता दिल्यान. माझा तो कसा देतलो?"

 सभागृहातल्या प्रत्येकाच्या घरी एखादी बहीण होती आणि तिचा एखादा माड नाहीतर फणस होता. शिवाय लागता माड तोडायला आपल्याकडे कुणाचा हात धजत नाही. सह्या करणाऱ्याचाही नाही. तेव्हा त्यांनी मधला मार्ग काढला. माड तोडायचा नाही. मात्र तो नगरपालिकेचा. बागेतल्या बाकीच्या माडांबरोबर त्याच्याही नारळांचा लिलाव होईल, आणि गाडीतळ सुरू झाल्यावर तिथं परवानगीवाचून कुणी माडावर चढायचं नाही. अध्यक्षांना वाटलं, छान तोड निघाली. तू उभी राहिलीस.

"म्हणजे माड रवलो आणि मी गेलंय."

अध्यक्षांनी काहीतरी समजुतीचं बोलायला सुरुवात केली, पण तुझं झालं नव्हतं. "आणि त्या माडाखाली मोटारी लावतल्यात?"

अध्यक्ष हसले. "काकी, माडाला डोळे असतात. आजवर कुणाच्या डोक्यावर नारळ पडलेला ऐकलाय का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आपण सगळे तेच ऐकत वाढलो. माडाखाली पाळणे बांधतो, जेवणावळी घालतो, उन्हाळ्यात आडवे होतो, आणि नारळ पडला तर दोन हात बाजूलाच पडतो. परगावच्या माणसाला हे सांगून पटायचं नाही.

तू हातातला नारळ नेऊन अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलास. "माणसाच्या डोक्यार पडाचो नाय, ता खरा. मोटारीचा माका ठावक नाय." आणि निघून गेलीस. मी टिपणात लिहिलं, 'अर्जदार यांचे म्हणणे ऐकून घेतले.'

घरी आलो तेव्हा तू दारातच विचारलंस, "काय काय लिवलंस?" सगळा, म्हटलं. "मी गेलंय ता लिवलंस?" नाय, म्हटलं. "मगे काय लिवलंस," म्हणालीस आणि आत गेलीस. 

गाडीतळ आणि बाग एकाच दिवशी सुरू व्हायची होती. मध्ये तीनेक आठवडे होते, आणि तोवर माड तुझाच होता. तू मनाशी ठरवलं होतंस की तेवढ्यात शेवटचे नारळ उतरवून घ्यायचे. पाडायची वेळ झालीच होती. तू पाटी धुऊन पायरीवर ठेवलीस आणि वाट बघत बसलीस. माडावर चढणारा काही आला नाही. तू रोज पाटी बाहेर काढायचीस आणि दिवेलागणीला परत आत न्यायचीस. तो पलीकडच्या वाडीत राहायचा. निरोप पाठवलास तर बाहेरगावी गेला आहे असं कळलं. "मेलो कधी वेळेर येवचो नाय," म्हणालीस, पण त्या बोलण्यात जोर नव्हता. एका संध्याकाळी रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होतीस. मी जवळून गेलो तर म्हणालीस, "शेवटचे नारळ पण नशिबात नाय." मला तेव्हा खाली बसून तुझे पाय धरावेसे वाटले. मी विहिरीवर हातपाय धुवायला गेलो.

त्या दिवसांत मी एक काम मात्र करत होतो. सकाळी कचेरीआधी आणि संध्याकाळी कचेरी सुटली की त्या माडाशी जाऊन उभा राहायचो. बंदराकडून मासळी घेऊन येणाऱ्या बायका नेहमी त्याच्याच सावलीत पाट्या टेकवायच्या. त्यांना मी पुढं जायला सांगायचो. पोरं गोट्या खेळत बसली की हाकलायचो. गाडीवान बैल बांधायला लागला तर त्याच्याशी हुज्जत घालायचो. दुपारी दप्तराच्या निमित्तानं एक फेरी मारायचो. मासळीवाल्यांनी मला चार शिव्या दिल्या आणि तुला बातमी दिली. त्या दिवशी रात्री तू न मागता माझ्या ताटात तळलेल्या सुरमईची तुकडी वाढलीस. नोटीस लागल्यापासून पहिल्यांदा. आणि दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर, देवळात, बाजारात, भेटेल त्याला सांगत सुटलीस, "माझो झील माडाची राखण करता."

बागेच्या उद्घाटनाला रत्नागिरीहून साहेब आले. घाटावरचा माणूस, उंच, टोपी घातलेला. जीपमधून उतरले आणि जीप उन्हात उभी राहिली. त्या अख्ख्या पट्टीत सावली एकाच झाडाची होती. अध्यक्षांनी स्वतः हात करून ड्रायव्हरला सांगितलं, "माडाखाली घ्या, सावली आहे." मला हाराचं तबक धरायला उभं केलेलं. मला जागचं हलता येईना. ड्रायव्हर जीप लावून चहाच्या दुकानात गेला. अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. 'आबालवृद्धांस विरंगुळा' इथवर आले असतील, तेवढ्यात पत्र्याचा असा आवाज झाला की बैल बिथरले. जीपच्या बॉनेटला बादलीएवढा खड्डा. लोकांनी वर पाहिलं, आणि सगळे वर बघत असतानाच दुसरा पडला. दहा हातांत कुणी माणूस नव्हतं. साहेब आधी माडाकडे बघत राहिले, मग अध्यक्षांकडे, आणि म्हणाले, "हे इथं नेहमी होतं का?"  तेव्हा बायकांच्या घोळक्यातून तुझा आवाज आला, मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "डोळे आसत तेका."

आधी बायका हसल्या, मग अण्णा हसले, मग कळल्यावर साहेबही हसले. तबक माझ्या हातून निसटून खाली पडलं. तू नंतर म्हणालीस, साहेबाला बघून पोरगं घाबरलं.

पुढच्या सभेत माडाचा विषय परत आला. एकानं दबकत सुचवलं की तोडून टाकावा. पण एवढ्या गावासमोर ज्यानं आपलं म्हणणं मांडलं, त्या माडावर कुऱ्हाड घालायला कोण तयार होणार? लिलावाला तर कुणीच पुढं येईना. नारळ वेळेवर उतरवले नाहीत आणि परत कुणाच्या मोटारीवर पडला तर जबाबदारी कुणाची, असं जो तो विचारू लागला. तेव्हा अण्णा खाकरले. म्हणाले, "अर्जदार बाई सव्वीस वर्षं या माडाचे नारळ पाडून घेतायत. आजवर एक तक्रार नाही. जबाबदारी घेतील तर त्याच घेतील." सभेला हायसं वाटलं. ठराव झाला की बागेची भिंत पुढं आणून माड आत घ्यावा, गाड्या भिंतीपलीकडे लावाव्यात, माडाची निगा आणि उत्पन्न अर्जदार यांजकडे राहावं, त्यांना येण्याजाण्यास रस्त्याकडून लहान फाटक ठेवावं, आणि माडावर चढणारा केव्हा येईल याचा नेम नसल्यामुळे त्या फाटकास कुलूप घालू नये. तो ठराव मी लिहिला. एवढं चांगलं अक्षर मी पुन्हा कधी काढलं नाही.

त्या बिनकुलपाच्या फाटकानं पुढं काय केलं ते तुला सांगायला नको. मोठ्या फाटकावर वेळेची पाटी होती आणि माळी ती काटेकोर पाळायचा. पण भर दुपारी बंदरावरून दमून येणाऱ्या बायका माडाच्या फाटकातून आत शिरायच्या, विहिरीचं पाणी प्यायच्या आणि पाट्या बाजूला ठेवून पाय पसरायच्या. शाळेतल्या मुली डबा खायला यायच्या. माळ्यानं दोनदा तक्रार केली. अण्णांनी त्याला ठराव वाचून दाखवला. वर्षभरात मोठ्या फाटकाची वेळ कुणी विचारीनासं झालं. आणि तू. तू संध्याकाळी सावकाश जायचीस आणि आजोबांच्या घराच्या जोत्यावर बसायचीस. नगरपालिकेनं त्या जोत्याचाच कट्टा करून घेतला होता. मी एकदा तुला घ्यायला आलो, तर तू कट्टाभर बायकांच्या मध्ये बसून ओळीनं सगळ्यांची विचारपूस करत होतीस, घरची मालकीण असल्यासारखी. परत येताना म्हणालीस, "आमच्या घरात एवढी माणसा कधी येवक नाय." त्या दिवसाइतकी खूश मी तुला क्वचितच पाहिली. बाग झाल्यावर सात-आठ वर्षं तू होतीस, आणि ती वर्षं तुला बरी गेली. मला त्याचं फार समाधान आहे.

काल तो इंजिनिअर परत आला होता. ठराव सापडला, अजून लागू आहे, भिंत आहे तशीच ठेवू म्हणाला. "अक्षर तुमचंच ना काका? फार सुंदर आहे." मला एकदम तुझा आडाळा आठवला.

आता उरलेली अर्धी. माडावर चढणारा त्या खेपेला वेळेवर आला होता. सभेच्या तिसऱ्या दिवशी सकाळीच दारात उभा होता, कमरेला कोयता आणि खांद्यावर दोर. तू विहिरीवर होतीस. मी पायरी उतरून त्याला आडवा गेलो आणि म्हटलं, "नगरपालिकेचो हुकूम आसा. बाग सुरू होईसर त्या माडार चढाचा नाय. आयेक सांगा नको." असला कुठलाही हुकूम नव्हता. सभेत जे मला तोंडानं बोलता आलं नाही ते मी असं दारामागून केलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग घरांच्या वरून दिसणाऱ्या माडाच्या शेंड्याकडे पाहिलं, आणि निघून गेला. त्याला सगळं कळलं होतं. पुढं जन्मभर तू त्याला 'तेवा मेल्या इलंस नाय' म्हणून ऐकवत राहिलीस आणि तो खाली मान घालून ऐकत राहिला. फक्त दर खेपेला दारात मी दिसलो की हळूच विचारायचा, "बाबू, हुकूम उठलो काय?" तोही आता नाही.

आणि मी राखण करत होतो ती माडाची नव्हती, आये. त्याच्याखालून जाणाऱ्या माणसांची होती. नारळ पिकून काळे पडले होते आणि ते कधी पडतील याचा नेम नव्हता. जीप येईल, ती तिथंच लागेल, यातलं मी काहीच ठरवलेलं नव्हतं. एखाद्या रिकाम्या गाडीवर पडला तर लोकांना भीती वाटेल, एवढंच डोक्यात होतं. मासळीवालीच्या डोक्यात पडला असता तर मी काय केलं असतं, या विचारानं आजही मी माडाखालून न जाता वळसा घेतो. माडाला डोळे असतात यावर अध्यक्षांइतकाच मीही विसंबलो होतो. पण मला सगळ्यात जास्त लागून राहिलं आहे ते दुसरंच. तुझा माड राखायचा म्हणून मी तुला तीन आठवडे रिकामी पाटी घेऊन पायरीवर बसवलं, आणि तू मात्र माझं कौतुक गावभर सांगत फिरलीस. खरं सांगायला मला सात-आठ वर्षं मिळाली होती. पण ते कौतुक मला हवं होतं, म्हणून सांगितलं नाही.

उद्या त्या माडाचे नारळ पाडायचे आहेत. हल्ली त्याला नारळ कमी लागतात आणि उंच इतका झाला आहे की शेंडा बघताना माझी टोपी पडते. चढायला येतो तो त्याच माणसाचा नातू. सकाळी मी पाटी धुऊन पायरीवर ठेवीन आणि तिथंच बसून राहीन. तो आला की हुकूम उठला म्हणून त्याला सांगीन. त्याला काही कळणार नाही.